मळीपासून मातीपर्यंत : नगरचा ऊस आणि न्यायालय

माझे विषय उर्दू आणि मराठी. पण शाळेत शिक्षक कमी पडले की नागरिकशास्त्राचा तास माझ्याकडे येतो, आणि मग राज्यघटनेची सातवी अनुसूची शिकवावी लागते. केंद्राची यादी, राज्याची यादी, समवर्ती यादी. घटना लागू झाली तेव्हा पहिलीत ९७ विषय होते, दुसरीत ६६ आणि तिसरीत ४७. मुलं हे आकडे पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे, शिक्षण दोघांकडे. इतकं सगळं सरळ असतं तर सर्वोच्च न्यायालयाला निम्मं काम उरलं नसतं.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (तोंडात अजून नगरच येतं) या याद्या शिकवायला सर्वांत चांगलं उदाहरण वर्गाच्या खिडकीबाहेरच उभं असतं. ऊस कुठल्या यादीत? ज्या जमिनीत तो उगवतो ती जमीन राज्याच्या यादीत. पाटपाणीही राज्याचं. तो कारखान्याच्या काट्यावर गेला की त्याचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती यादीत, म्हणजे दोघांचा. गव्हाणीतून आत गेला की साखर उद्योग केंद्राच्या नियंत्रणात. आणि साखर काढून झाल्यावर खाली जी मळी उरते तिच्यापासून अल्कोहोल केलं की पुन्हा राज्याचा हात लागतो, कारण मादक पेयं हा राज्याचा विषय आहे. एका कांड्यावर इतक्या ठिकाणी हद्दीच्या रेघा. त्या घटनेत पुसट होत्या, ठळक केल्या त्या न्यायालयांनी. कशा केल्या आणि त्यात नगरच्या माणसाचं काय झालं, हे आज सांगायचं आहे. सुरुवात टोकाकडून, म्हणजे मळीकडून करतो आणि मातीपर्यंत येतो. खरी गोष्ट मातीचीच आहे.

मळीचं प्रकरण थोडक्यात. राज्याच्या यादीतला आठवा विषय मादक पेयांचा. कारखान्याच्या आसवनीत तयार होणारं अल्कोहोल माणूस पितोही आणि उद्योगाला कच्चा माल म्हणून लागतंही. पिण्याचं राज्याकडे, यात वाद नाही. औद्योगिक अल्कोहोल कुणाचं? १९८९ मध्ये सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितलं की राज्याचा अधिकार पिण्यायोग्य दारूपुरता, बाकीचं केंद्राचं. पस्तीस वर्षं ही रेघ टिकली. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ती पुसली. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध लालता प्रसाद वैश्य या प्रकरणात बहुमताचं म्हणणं असं पडलं की ‘मादक पेय’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतं, त्यामुळे त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याला आहे. एकट्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी विरोधी मत दिलं. ज्या जिल्ह्यात कारखान्यांच्या पोटात आसवन्या आहेत तिथे हा निकाल म्हणजे महसुलाचा आणि परवान्याचा प्रश्न. पण याचा अर्थ केंद्राचा हात उठला असा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका, असा आदेश दिल्लीहून आला आणि कारखान्यांची अख्ख्या हंगामाची गणितं एका दिवसात विस्कटली. आठवड्याभरात तो थोडा सैल झाला, तोही दिल्लीहूनच.

आता भावाकडे येऊ.

उसावर राज्य चालवतं की केंद्र, या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर १९५६ चं. टिका रामजी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार. तिथल्या ऊस उत्पादकांनी राज्याच्या ऊस कायद्याला आव्हान दिलं होतं. ऊस कुणाला घालायचा, कुठल्या संस्थेमार्फत घालायचा, हे राज्य ठरवत होतं. उत्पादकांचा युक्तिवाद हुशारीचा होता : साखर उद्योग केंद्राने आपल्याकडे घेतला आहे, मग साखरेचा कच्चा माल त्याच्याबरोबर केंद्राकडे गेला, राज्याला त्यात बोलायचा अधिकारच उरला नाही. न्यायालयाने उद्योगाचे तीन भाग पाडले. कच्चा माल, तयार करण्याची प्रक्रिया आणि तयार मालाची विक्री-वाटप. उद्योग म्हणजे मधली प्रक्रिया. ऊस हा कच्चा माल, त्यावर कायदा करायचा अधिकार राज्याला आहे. पुढे २००४ मध्ये घटनापीठाने आणखी एक पाऊल टाकलं आणि केंद्राने किमान भाव ठरवला तरी राज्याला त्याहून वरचा भाव ठरवता येतो, असं सांगितलं. उत्तर प्रदेशात राज्याचा वेगळा भाव चालतो तो या आधारावर. महाराष्ट्राने ती वाट धरली नाही. आपल्याकडे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरणारी रक्कम, २००९ पासून जिला एफआरपी म्हणतात, तीच पायाभूत.

या आदेशात एक वाक्य आहे जे नगरमधला अंगठेबहाद्दर शेतकरीसुद्धा तोंडपाठ सांगेल. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला की एफआरपी दोन हप्त्यांत द्यावी, पहिला हप्ता ठरावीक पायाभूत उताऱ्याच्या हिशेबाने, उरलेला हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. कारखानदारांच्या दृष्टीने यात तर्क होता, हंगामाआधी उतारा कुणाला माहीत? पण सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी आणि मुलीच्या शाळेची फी उताऱ्याची वाट पाहत नाही. राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने जे ठरवलं आहे ते राज्याने साध्या शासन निर्णयाने मोडता येत नाही, असा त्याचा गाभा. १९५६ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने रेघ ओढली होती, इथे केंद्राच्या. आणि दोन्ही वेळा न्यायालयाच्या दारात शेतकरी उभा होता, पहिल्या वेळी हरला, दुसऱ्या वेळी जिंकला. म्हणून ‘राज्यांना जास्त अधिकार म्हणजे सामान्य माणसाचं भलं’ किंवा त्याच्या उलट, असं कुणी छातीठोकपणे बोललं की मला त्यांना काट्यावर आणून उभं करावंसं वाटतं.

आता माती.

प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरी, राहात्याची कोरडवाहू जमीन बागाईत केली. तिकडे दारणेचं पाणी गोदावरीच्या कालव्यांतून कोपरगावात आलं. इंग्रज सरकारला धरणावर केलेला खर्च पाणीपट्टीतून वसूल करायचा होता, आणि भरपूर पाणी पिऊन रोख पैसा देणारं पीक एकच, ऊस. त्यासाठी कंपन्या हव्या होत्या आणि कंपन्यांना सलग जमीन हवी होती. पहिल्या महायुद्धानंतर बेलापूर कंपनी हरेगावला आली. १९३२ मध्ये साखरेला आयात शुल्काचं संरक्षण मिळालं आणि मग रीघ लागली. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, जिच्यावरून टिळकनगर वसलं. १९३९ मध्ये करमशी सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स, साकरवाडी आणि पुढे लक्ष्मीवाडी. पुणतांब्याजवळ चांगदेवनगर. गावांची नावं बघा, कारखान्यांनी भूगोल बदलला.

या कंपन्यांनी जमीन मिळवली ती बऱ्याच अंशी खंडाने. पाच एकरवाला, दहा एकरवाला, पंचवीस एकरवाला अशा शेतकऱ्यांनी आपली शेतं वर्षाच्या ठरावीक रकमेवर कंपनीला दिली. नव्या माणसाला वाटतं खंड भरणारा तो खंडकरी. नगरमध्ये उलटं आहे. इथे खंड घेणाऱ्याला, म्हणजे मूळ मालकाला खंडकरी म्हणतात, आणि खंड भरणारी कंपनी. कुळ गब्बर आणि मालक फाटका, अशी ही उलटी उतरंड होती. पुढचा सगळा घोळ या उलटेपणातून झाला, कारण देशातले जमीन कायदे सुलट्या उतरंडीसाठी लिहिले गेले : वर जमीनदार, खाली कुळ.

उर्दूच्या मास्तराला या वाटेला का यावंसं वाटलं, असं काही वाचक विचारतील. सातबारा हातात घेऊन बसा. कब्जेदार, खातेदार, इनाम, हक्क, जमीन, मालकी, तहसील, दावा, वकील, जप्ती, मुदत. फारसी-अरबीतून आलेल्या या शब्दांशिवाय मराठी माणसाला आपल्या शेताबद्दल धड भांडताही येणार नाही. मी वर्गात हे शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, मालक आणि कब्जेदार यात फरक काय? पोरं हसतात. घरी भाऊबंदकी चालू असलेली पोरं मात्र हसत नाहीत. त्यांना फरक बरोबर ठाऊक असतो.

स्वातंत्र्यानंतर काय घडलं ते क्रमाने पाहू. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा समतेच्या तत्त्वावर रद्द केला, तेव्हा नेहरू सरकार हादरलं. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. कलम ३१-अ आणि ३१-ब आली आणि त्यांच्याबरोबर नववी अनुसूची. या अनुसूचीत एखादा कायदा टाकला की तो मूलभूत हक्कांना बाधा आणतो म्हणून न्यायालयाने रद्द करायचा नाही. सुरुवातीला तिच्यात १३ कायदे होते. पहिला बिहारचा, दुसरा आपला मुंबईचा कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. त्याविरुद्धची आव्हानं सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये फेटाळली. लाखो कुळांच्या घरात जमीन आली, आणि त्यात आपल्या समाजातली कुळंही होती. मी या कायद्याला नावं ठेवणाऱ्यांतला नाही.

पण हरेगाव-टिळकनगरच्या शेतांवर कूळ होती कंपनी. कसणाऱ्याला मालक करणारा कायदा तिला लावला असता तर पाच एकरवाल्याची जमीन कंपनीच्या नावावर गेली असती. म्हणून उसासाठी आणि उद्योगांसाठी दिलेल्या अशा पट्ट्यांना कूळकायद्यातल्या त्या तरतुदींमधून वगळलं होतं. इथवर खंडकरी वाचला.

मग कमाल जमीन धारणेचा कायदा आला. १९६१ चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. बारमाही बागाईत असेल तर अठरा एकर, कोरडवाहूला त्याच्या कितीतरी पट, त्याहून जास्त असेल ती जमीन अतिरिक्त आणि ती सरकारची. कारखान्यांकडे हजारो एकर होती, ती जाणारच. प्रश्न असा की ‘कारखान्यांकडे’ म्हणजे काय? कायद्याने ‘जमीन धारण करणे’ याची व्याख्या केली : मालक म्हणून किंवा कूळ म्हणून प्रत्यक्ष कायदेशीर ताब्यात असणे. या ‘किंवा’ मध्ये सगळं आलं. गावोगावच्या लहान मालकांची शेतं कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून ती कंपनीच्या खात्यात मोजली गेली. कंपनीची अतिरिक्त ठरली, सरकारजमा झाली. ज्याच्या मालकीची पाच एकर होती, जो कुठल्याही हिशेबाने अठरा एकरांच्या आसपासही नव्हता, त्याची जमीन बड्यांची जमीन कमी करण्याच्या कायद्यात गेली. कायद्याचा हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. पण व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खंडकरी नव्हता, एवढं नक्की.

ही जमीन तुकडे करून वाटली तर उसाचा पुरवठा तुटेल आणि कारखाने बंद पडतील, ही भीती सरकारला होती. म्हणून कायद्याच्या २८ व्या कलमात कारखान्यांच्या जमिनींसाठी वेगळी सोय होती आणि ती चालवायला १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. खंडकऱ्याच्या बांधावर आता कंपनीऐवजी महामंडळाची पाटी लागली. खंडही थांबला.

न्यायालयात जायचं तर कुठल्या दाराने? १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ४४ कायदे नवव्या अनुसूचीत गेले, त्यात महाराष्ट्राचा १९६१ चा हा कायदाही होता. दार बंद. त्याच घटनादुरुस्तीने कलम ३१-अ मध्ये लहान शेतकऱ्यासाठी एक कवच ठेवलं होतं : कमाल मर्यादेच्या आतली जमीन बाजारभावाने मोबदला दिल्याशिवाय घेता येणार नाही. वाचताना वाटतं, हे तर खंडकऱ्यासाठीच लिहिलं. पण पुढे अट आहे, ती जमीन त्याच्या स्वतःच्या कसणुकीत असली पाहिजे. खंडकऱ्याच्या शेतात तर कंपनीचा ऊस उभा होता. मर्यादेच्या आत, पण कसणुकीच्या बाहेर. कवच त्याच्या अंगाला बसलं नाही.

लढा रस्त्यावर आला. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी खंडकऱ्यांना संघटित केलं आणि मोर्चे, धरणी, निवेदनं यात एक पिढी म्हातारी झाली. १९७० च्या सुमारास सरकारने कायद्यात दुरुस्ती करून २८-१अअ हे कलम घातलं. कारखान्यांकडून घेतलेल्या जमिनीतली काही जमीन मूळ खंडकऱ्यांना देण्याची वाट या कलमातून निघाली. आणि इथे गंमत पहा. त्याला आव्हान दिलं ते कारखान्यांनी.

गोदावरी शुगर मिल्स विरुद्ध एस. बी. कांबळे, सर्वोच्च न्यायालय, १९७५. कोपरगावच्या शेतांतून उठलेला हा वाद देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेला तो एका प्रश्नामुळे. नवव्या अनुसूचीत १९६४ मध्ये कायदा गेला. त्यानंतर त्या कायद्यात जे नवं कलम घातलं गेलं, त्यालाही अनुसूचीचं संरक्षण मिळतं का? न्यायालय म्हणालं, नाही. संसदेने ज्या रूपात कायदा अनुसूचीत टाकला त्याच रूपाला संरक्षण. नाहीतर एकदा नाव अनुसूचीत गेलं की विधानसभा त्या नावाखाली वाटेल ते घालत जाईल आणि नागरिकाला विचारायची सोय उरणार नाही. हे तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. पण तेवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. नवं कलम जमीन सुधारणेचाच भाग आहे, म्हणून त्याला दुसऱ्या बाजूने, ३१-अ खाली संरक्षण आहे, असं सांगून ते वैध ठरवलं. तत्त्व कारखान्याच्या युक्तिवादातलं उचललं, निकाल कारखान्याच्या विरुद्ध दिला. खंडकऱ्याची वाट मोकळी राहिली.

वाट मोकळी राहिली एवढंच. देता येईल आणि द्यावंच लागेल यात किती अंतर असतं ते सरकारी कचेरीच्या बाकावर बसलेल्याला विचारा.

दरम्यान जमिनीच्या मालकीवरून दिल्लीत मोठी लढाई चालू होती. १९६७ मध्ये गोलकनाथ, १९७३ मध्ये केशवानंद भारती. घटनेचा मूळ ढाचा संसदेलाही मोडता येणार नाही, हे आपण आज अभिमानाने सांगतो, पण या दोन्ही खटल्यांची सुरुवात जमिनीवरून झाली होती, पंजाबातल्या आणि केरळातल्या. महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. १९७५ मध्ये राज्याने कमाल मर्यादा आणखी खाली आणली, कोरडवाहूला ५४ एकरांवर. या कायद्यालाही १९७६ मध्ये अनुसूचीत नेलं. त्याविरुद्ध महाराष्ट्रातल्या जमीनमालकांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातून वामनराव खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. महाराष्ट्राचा कायदा टिकला, पण त्याचबरोबर तारीख ठरली : २४ एप्रिल १९७३, केशवानंदच्या निकालाचा दिवस. त्याआधी अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतरचे मूळ ढाच्याच्या कसोटीवर तपासता येतील. २००७ मध्ये कोएल्हो प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी तेच पक्कं केलं. मधल्या काळात, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला आणि ३००-अ कलमात साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला.

योगायोग असा की नोव्हेंबर २०२४ मध्ये याच यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा महाराष्ट्राच्याच एका कायद्यावरून, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या वादातून, सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. वडिलांच्या काळात कल सरकारने जमीन घेण्याकडे होता, मुलाच्या काळात मालकाकडे झुकला. कुणी म्हणेल काळ बदलला. मी म्हणेन, मालक कोण आहे हेही बदललं. १९८० साली न्यायालयात जाणारा मालक मळेवाला होता, आज तो मुंबईतला घरमालक आहे. पाच एकरवाला दोन्ही चित्रांत दिसत नाही. (इनामी आणि वक्फ जमिनींची गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे, तिच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.)

खंडकऱ्यांना जमीन परत मिळायला सुरुवात झाली ती २०१२ मध्ये. गोदावरीच्या निकालाला ३७ वर्षं झाली होती, महामंडळाला जवळपास पन्नास. ज्यांनी खंडपत्रांवर अंगठे केले होते ते तर राहिलेच नव्हते, त्यांची मुलंही थोडी. जमीन आली ती नातवंडांत वाटून आली, आणि बऱ्याच ठिकाणी आजोबांचं मूळ शेत नव्हे तर त्या बदल्यात दुसरीकडचं रान. पूर्वी माझ्या वर्गात असलेल्या एका मुलाचे वडील सातबाऱ्याची नक्कल घेऊन शाळेत आले होते. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं होतं. मला म्हणाले, सर, आमची होती, आम्हालाच दिली, मग हा २ कशाला? वर्ग २ म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन. विकायची, गहाण टाकायची तर परवानगी. ज्याने आजोबांच्या हक्कासाठी लढून जमीन परत आणली, त्याच्या कागदावर ती सरकारची मेहेरबानी म्हणून आली. हा २ जाऊन १ व्हावा म्हणून पुन्हा दशकभर अर्ज-विनंत्या झाल्या, आणि सरकारने अलीकडे ती वाट खुली केली.

न्यायालयाचा दोष किती आणि सरकारचा किती, असं मला विचारलं तर माझं मत असं : न्यायालयाने जिथे जिथे रेघ ओढली तिथे ती बऱ्याचदा शहाणपणाची होती. नवव्या अनुसूचीचं दार अर्धवट लावून घेणं, नंतरच्या दुरुस्त्यांना आपोआप संरक्षण नाकारणं, १९७३ ची तारीख. पण न्यायालयापुढे जो भांडायला येतो त्याच्या शब्दांतच प्रश्न मांडला जातो. साखर कंपन्यांना बॅरिस्टर मिळत होते, म्हणून प्रश्न कायम ‘कंपनी विरुद्ध सरकार’ असा आला. ‘धारण करणे’ या व्याख्येत दोन वेगळ्या माणसांची जमीन एकाच्या खात्यात कशी मोजली, हा खंडकऱ्याचा मुद्दा या मोठ्या निकालांच्या मध्यभागी कधी आलाच नाही. आणि सरकारकडे तर व्याख्या बदलायचा अधिकार पहिल्या दिवसापासून होता. जमीन राज्याच्या यादीत आहे, दिल्लीकडे बोट दाखवायची सोयही नव्हती.

शेवटी एका माणसाबद्दल, जो या सगळ्या कज्ज्यांत पक्षकारही नव्हता. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडीच्या मळ्यांवर कामगारांच्या चाळी आहेत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा तिथे गेलात तर दिसतील. तिथे ख्रिस्ती, बौद्ध, मातंग, मराठा, मुसलमान, सगळे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आधी कंपनीचे मजूर, मग महामंडळाचे. बांध कोरणं, पाणी भरणं, बेणं लावणं, खऱ्या अर्थाने ‘स्वतः कसणं’ त्यांनीच केलं. पण कायद्याच्या भाषेत ते ना मालक, ना कूळ, ना खंडकरी. ताबा कंपनीचा, हात त्यांचा. महामंडळाचं काम आटत गेलं तशी त्यांची रोजी गेली, आणि जमीन वाटपाच्या याद्या लागल्या तेव्हा त्यांत त्यांची नावं असण्याचं कारणच नव्हतं. त्यांची मागणी शेताची नाही. राहत्या घराखाली दोन गुंठे जागा आपल्या नावावर व्हावी, एवढी आहे.